उष्णतेचा हिशेब ठेवणारा ईलंड

वैशाखातल्या दुपारी नांगरट करून आलेला बैल किती पाणी पितो, हे तुमच्यापैकी खेड्यात राहणाऱ्यांनी पाहिलेच असेल. दोन-तीन बादल्या तो बघता बघता रिकाम्या करतो आणि तरीही आणखी हवे म्हणून मान वर करतो. आता अशी कल्पना करा, की या बैलापेक्षाही मोठा, साडेपाचशे-सहाशे किलो वजनाचा एक प्राणी आहे. तो बैलाहून अधिक रखरखीत मुलखात राहतो, त्याला कोणी बादली भरून देत नाही, आणि पाला हिरवा मिळत असेल तर पाणवठ्याकडे न फिरकताही तो दिवसामागून दिवस काढू शकतो. हे कसे शक्य आहे?

हा प्राणी म्हणजे आफ्रिकेतील ईलंड. त्याच्या या करामतीत जादू काही नाही. तुम्ही आठवी-नववीत शिकता ती विशिष्ट उष्णता, बाष्पीभवनाची सुप्त उष्णता आणि पृष्ठफळ-घनफळाचे गुणोत्तर एवढ्या भांडवलावर आपण या कोड्याचा बराचसा उलगडा करू शकतो. 'बराचसा' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. कारण कागदावर अचूक उतरलेले उत्तर रानातला प्राणी जसेच्या तसे वापरतोच असे नाही, हेही ईलंडच आपल्याला शिकवतो.

हरिण नव्हे, कुरंग

चितळ आणि सांबर यांची शिंगे दरवर्षी गळून पडतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय यांची शिंगे मात्र आतून हाडाची, वरून गाईच्या शिंगासारख्या टणक आवरणाची आणि जन्मभर टिकणारी असतात. या दुसऱ्या गटातील प्राण्यांना प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत 'कुरंग' म्हणतात. आशिया खंडातील सर्वांत मोठा कुरंग म्हणजे आपली नीलगाय, विदर्भातला 'रोही'. आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या कुरंगांत ईलंडचा क्रमांक अगदी वरचा आहे. हे दोघे बोव्हिडी कुलातील एकाच उपकुलात मोडतात, आणि आपली गाय व म्हैसही त्याच उपकुलातली. म्हणजे नात्याने पाहिले तर ईलंड काळविटापेक्षा गाईला अधिक जवळचा आहे.

पूर्ण वाढलेल्या नराची खांद्यापाशी उंची दीड मीटरहून जास्त भरते. मोठे नर ९०० किलोपर्यंतही जातात. मादी ३०० ते ६०० किलोंची. नर आणि मादी दोघांनाही शिंगे असतात. ती सरळ मागे गेलेली आणि स्क्रूच्या आट्यांसारखा पीळ पडलेली असतात. नराची शिंगे जाड व आखूड, मादीची बारीक पण बहुधा अधिक लांब. नराच्या गळ्याखाली बैलासारखी लोंबती पोळी असते आणि खांद्यावर थोडासा उंचवटाही असतो. तरुण प्राण्यांचा रंग तांबूस-पिवळट. नर वयस्क होऊ लागला, की आपल्या नीलगाईच्या नराप्रमाणेच तो निळसर करडा दिसू लागतो.

दक्षिण आफ्रिकेत वसाहत करणाऱ्या डच लोकांनी हा धिप्पाड प्राणी पाहिला, तेव्हा त्यांना युरोपातील एल्क या मोठ्या हरणाची आठवण झाली. डच भाषेत एल्कला 'ईलंड' म्हणतात. तेच नाव याला चिकटले. वास्तविक या दोघांचे जवळचे नाते नाही. १७६६ साली पीटर पालास या शास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याच्या 'टॉरोट्रॅगस' या प्रजातिनामात ग्रीक भाषेतील बैल आणि बोकड या दोन्ही अर्थांचे शब्द आले आहेत. ईलंडचे चित्र पाहिले तर हे नाव तुम्हाला मुळीच विचित्र वाटणार नाही.

राहणे आणि फिरणे

इथिओपियाच्या दक्षिण भागापासून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंत ईलंडचा मुलूख पसरला आहे. अधूनमधून झाडे असलेली गवताळ माळराने, विरळ वने, कालाहारीसारखे निमवाळवंट आणि ड्राकेन्सबर्ग पर्वतावरची थंड कुरणे, या सर्व ठिकाणी तो आढळतो. घनदाट जंगल मात्र त्याला मानवत नाही, आणि झाडझुडूप नसलेले निव्वळ वाळवंटही तो टाळतो.

पावसाळ्यात कोवळे गवत असते तेव्हा तो गवत खातो. एरवी त्याचा मुख्य आहार झाडपाला. बाभळीच्या जातीची झाडे, झुडपे, शेंगा, फळे हे त्याचे खाद्य. उंच फांदी तोंडाला येत नसेल, तर शिंगांत अडकवून ती तो पिरगाळून मोडतो. कठीण दिवसांत खुरांनी जमीन उकरून कंदमुळेही काढतो.

ईलंडचे कळप एका जागी बांधून घेत नाहीत. माद्या व पिले यांचे कळप हिरवळीच्या शोधात शेकडो चौरस किलोमीटर फिरतात. मोठे नर एकेकटे किंवा लहान टोळक्यांत, त्या मानाने थोड्या जागेत राहतात. लहान पिलांचे आपसांतच इतके जमते, की त्यांचा वेगळा गोतावळाच तयार होतो. सिंह आणि तरस हे त्यांचे मुख्य वैरी. पिलांवर संकट आले तर माद्या एकजुटीने चाल करून जातात.

पळण्यात मात्र ईलंड इतर कुरंगांच्या मागे. वेगाने फार वेळ धावणे त्याला जमत नाही. त्याची खरी चाल म्हणजे दुडकी. त्या चालीने तो बराच वेळ जाऊ शकतो. उडी मात्र जबरदस्त. बुजलेल्या कळपातील प्राणी चक्क एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारताना दिसतात, आणि माणसाच्या उंचीचे कुंपण ईलंड सहज ओलांडतो. पळताना तो लवकर का थकतो, हा प्रश्न लक्षात ठेवा. शिकारीचा विषय निघेल तेव्हा आपल्याला त्याची गरज पडणार आहे.

जमा आणि खर्च

प्रत्येक उष्णरक्ती प्राणी म्हणजे उष्णतेचे एक खाते आहे. जमेच्या बाजूला दोन रकमा. अन्नाच्या ज्वलनातून शरीरातच निर्माण होणारी उष्णता ही पहिली, आणि सूर्याकडून, तापलेल्या जमिनीकडून व गरम हवेकडून येणारी दुसरी. खर्चाची बाजू म्हणजे वहन, अभिसरण, प्रारण आणि बाष्पीभवन.

यांपैकी पहिले तीन मार्ग फुकटाचे आहेत, पण त्यांना एक अट आहे. शरीर भोवतालापेक्षा गरम असेल तरच उष्णता बाहेर जाईल. हवा ४० अंश सेल्सिअस आणि शरीर ३८ अंश असेल, तर हेच मार्ग उलटे वाहू लागतात आणि बाहेरची उष्णता आत येऊ लागते. मग उरतो फक्त चौथा मार्ग, म्हणजे घाम गाळणे आणि धापा टाकणे. तो हमखास लागू पडतो, पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. शरीराच्या तापमानाला १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. बैलाला बादल्या लागतात त्या यासाठीच.

आता आकाराचा विचार करा. थॉमसन गॅझेल नावाचा चिंकाऱ्यासारखा छोटा आफ्रिकी कुरंग साधारण २० किलोंचा असतो. ५०० किलोंचा ईलंड वजनाने त्याच्या २५ पट भरतो. पण दोघांची ठेवण सारखी धरली, तर ईलंडचे पृष्ठफळ २५ पट होत नाही. ते होते साधारण साडेआठ पट. म्हणजे दर किलो वजनामागे उन्हाला सामोरी जाणारी कातडी ईलंडपाशी गॅझेलच्या जवळजवळ एक तृतीयांशच आहे. पाण्याने भरलेला लोटा आणि भरलेला हंडा एकाच वेळी उन्हात ठेवा. लोट्यातले पाणी लवकर तापते, हंड्यातले सावकाश. ईलंड हा हंडा आहे. दिवसाच्या उन्हाने तो हळूहळू तापतो, आणि तो पुरेसा तापण्याआधी सूर्य कलू लागतो.

टेलर यांचा प्रयोग

१९६० नंतरच्या दशकात सी. रिचर्ड टेलर या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने केनियात नैरोबीजवळ मुगुगा येथे ईलंड आणि ओरिक्स या दोन कुरंगांवर प्रयोग केले. ओरिक्स हा लांब भाल्यासारख्या शिंगांचा, ईलंडपेक्षा लहान आणि त्याहूनही कोरड्या मुलखात राहणारा कुरंग. टेलर यांनी हे प्राणी अशा खोलीत ठेवले, की जिथे दिवसा ४० अंश आणि रात्री २२ अंश तापमान राखता येई. किती पाणी प्यायले, किती घामावाटे व श्वासावाटे गेले, शरीराचे तापमान किती झाले, याच्या काटेकोर नोंदी घेतल्या. १९६९ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांनी हे काम सर्वसामान्य वाचकांपुढे मांडले.

त्यातील सर्वांत नवलाची नोंद तापमानाची होती. आपले तापमान ३७ अंशांवरून ३९ वर गेले की आपण अंथरूण धरतो. टेलर यांच्या ईलंडचे तापमान मात्र पहाटे ३४ अंशांच्या आसपास उतरे आणि दिवसभराच्या उष्म्यात ४१ अंशांवर चढे. म्हणजे एका दिवसात सात अंशांचा फरक! ओरिक्स तर ४५ अंशांपर्यंत तापून कित्येक तास तसाच राहू शके.

हे आजारपण नव्हते. टेलर यांच्या मते ही उष्णता साठवण्याची युक्ती होती. दिवसा आलेली उष्णता पाणी खर्चून लगेच बाहेर टाकण्याऐवजी शरीरातच ठेवायची, आणि रात्री हवा थंड झाली की फुकटाच्या मार्गांनी ती सोडून द्यायची.

थोडे गणित

या युक्तीने किती पाणी वाचते ते आपणच काढू. प्राण्याच्या शरीराची विशिष्ट उष्णता पाण्यापेक्षा थोडी कमी, म्हणजे सुमारे ०·८ धरू. ईलंडचे वजन ५०० किलो, तापमानातील वाढ ७ अंश.

साठलेली उष्णता = ५०० × ०·८ × ७ = २,८०० किलोकॅलरी.

एवढी उष्णता घामाने बाहेर टाकायची तर लागणारे पाणी = २,८०० ÷ ५८० = सुमारे ४·८ लिटर.

म्हणजे एका दिवसाला जवळजवळ ५ लिटर पाण्याची बचत. शिवाय आणखी एक फायदा होतो. शरीर ४१ अंशांना आणि हवा ४० अंशांना असेल, तर हवेतून शरीराकडे येणारा उष्णतेचा ओघच थांबतो. उष्णतेचा प्रवाह तापमानातील फरकावर अवलंबून असतो हा न्यूटनचा शीतकरणाचा नियम इथे ईलंडच्या बाजूने उभा राहतो.

तोच हिशेब २० किलोंच्या गॅझेलसाठी केला तर उत्तर येते जेमतेम २०० मिलिलिटर. आणि लहान अंगामुळे त्याचे ते सात अंश सकाळीच चढून जातील, दिवस सगळा पुढे राहील. उष्णतेची कोठी मोठी असेल तरच साठवण्याला अर्थ आहे.

पाणी येते कुठून?

बचत कितीही केली तरी जमेला काहीतरी हवेच. ईलंड ते पानांतून मिळवतो. कोरड्या ऋतूतही बाभळीच्या पानांत वजनाच्या निम्म्याहून अधिक पाणी असल्याचे टेलर यांना आढळले. झाडाची मुळे खोलवर जातात, तिथला ओलावा पानांत येतो आणि पानांतून ईलंडच्या पोटात जातो. बाभूळ ही जणू त्याची विहीरच.

ओरिक्सची तऱ्हा आणखी मजेदार. तो ज्या झुडपांवर राहतो त्यांची पाने दिवसा इतकी शुष्क असतात, की हात लावताच चुरा व्हावा. पण रात्री हवा थंड झाली की तिची सापेक्ष आर्द्रता वाढते आणि ही वाळकी पाने हवेतली बाष्पे शोषून घेतात. पहाटेपर्यंत त्यांच्या वजनात सुमारे ४० टक्के पाणी जमते. म्हणून रात्री चरणारा ओरिक्स खाता खाता पितोही! पावसाळ्यात पापड सादळतात त्यामागे हेच तत्त्व आहे.

श्वासातही बचत होते. फुप्फुसांतून बाहेर पडणारी हवा बाष्पाने संपृक्त असते. ३९ अंशांना संपृक्त हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ४९ ग्रॅम पाणी मावते, तर ३४ अंशांना सुमारे ३८ ग्रॅमच. पहाटे अंग थंड असलेला ईलंड सावकाश आणि खोल श्वास घेतो, त्यामुळे दर श्वासागणिक कमी पाणी गमावतो.

रानातला ईलंड काय करतो?

इथवर सगळे छान जुळले. पुस्तकांतून ही कथा अनेक वर्षे सांगितली गेली. पण विज्ञानात एक प्रश्न नेहमी विचारावा लागतो. बंद खोलीत, सावली-वाऱ्याविना ठेवलेला प्राणी जे करतो, तेच तो मोकळ्या रानातही करतो का?

याचे उत्तर मिळायला उपकरणांची वाट पाहावी लागली. १९९० नंतर तापमानाची नोंद आपोआप ठेवणारी, काडेपेटीएवढी किंवा त्याहूनही छोटी यंत्रे निघाली. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड विद्यापीठातील अँड्रिया फुलर, डंकन मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया करून अशी यंत्रे ईलंडच्या शरीरात बसवली आणि प्राणी त्यांच्या नैसर्गिक परिसरात सोडून दिले. १९९९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. रानात हिंडणाऱ्या या ईलंडांत सात अंशांची चढउतार दिसलीच नाही. दिवसरात्रीत हवेचे तापमान भरपूर बदलले तरी शरीराचे तापमान त्या मानाने फारच थोडे हलले.

मग टेलर चुकले का? मुळीच नाही. त्यांची मापे बरोबर होती आणि आपण वर केलेला गुणाकारही बरोबर आहे. पण ईलंडच्या हाती याहून स्वस्त उपाय होते, आणि खोलीत ते त्याला वापरता येत नव्हते. भर दुपारी तो झाडाखाली रवंथ करीत उभा राहतो. सूर्याचे थेट प्रारण एवढ्यानेच टळते. चरणे तो सकाळ, संध्याकाळ आणि रात्रीवर ढकलतो. वाऱ्याची जागा शोधतो. पाने रसाळ निवडतो. म्हणजे उष्णता आत आल्यावर तिचे काय करायचे, या प्रश्नाऐवजी ती आत येऊच नये याची तजवीज तो करतो.

दुसरीकडे, सौदी अरेबियात मोकळ्या सोडलेल्या अरबी ओरिक्सांत कडक उन्हाळ्यात, पाण्याचा तुटवडा असताना तापमानाची मोठी चढउतार खरोखरच आढळली. तेव्हा ही युक्ती प्राण्यांच्या पोतडीत आहे, पण ती आणीबाणीची. ती मुद्दाम वापरलेली तोड आहे, की पाणी कमी पडल्यामुळे ओढवलेला नाइलाज, यावर शास्त्रज्ञांत आजही चर्चा चालू आहे.

अशीच फेरतपासणी मेंदूबद्दलही झाली. या कुरंगांच्या मेंदूच्या तळाशी बारीक धमन्यांचे एक जाळे असते. नाकातून थंड होऊन परतणारे रक्त या जाळ्याला वेढून जाते आणि मेंदूकडे जाणारे गरम रक्त वाटेतच थोडे निवते. मेंदू उष्णतेने बिघडू नये म्हणून ही योजना, असे पूर्वी समजत. फुलर आणि मिचेल यांचे मत वेगळे आहे. शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र मेंदूतच असते. ते थंड राहिले, की घाम गाळण्याचा हुकूम उशिरा सुटतो आणि पाणी वाचते. जाळे तेच, पण त्याचा हेतू निराळा, आणि तोही पुन्हा पाण्याच्याच हिशेबाचा.

गुडघ्यांची टकटक

ईलंडचा आणखी एक गुण भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडेल असा आहे. मोठा नर चालू लागला, की त्याच्या पुढच्या पायांतून टक्-टक् असा आवाज येतो. शांत माळावर तो काहीशे मीटरांवरूनही ऐकू येतो. गुडघ्याच्या सांध्यावरून एक ताणलेला स्नायुबंध घसरतो आणि तार छेडावी तसा कंप पावतो, असे या आवाजाचे स्पष्टीकरण दिले जाते.

तार म्हटले की तंबोरा आठवावा. जाड तार खर्जाचा स्वर देते, आणि तारेची लांबी वाढवली तरी स्वर खाली उतरतो. कंपनसंख्या तारेच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असते, तसेच दर सेंटिमीटर लांबीचे वस्तुमान वाढले तरीही ती कमी होते. मोठ्या नराचा स्नायुबंध लांब आणि जाड, म्हणून त्याची टकटक खर्जातली. याकोब ब्रो-यॉर्गेनसेन आणि टॉर्बेन डाबेलस्टीन यांनी केनियातील ईलंडांचे आवाज नोंदवून २००८ साली दाखवून दिले, की टकटक जितकी खालच्या स्वरात तितका नर मोठा. गळ्याची पोळी वयाची कल्पना देते, आणि चेहऱ्यावरचे गडद केस भांडखोरपणाची.

याचा उपयोग काय? दोन नर समोरासमोर येतात तेव्हा दुसऱ्याच्या ताकदीचा अंदाज त्यांना झुंजीआधीच येतो, आणि बहुतेक भांडणे शिंगाला शिंग न लागता मिटतात. आवाज खोटा काढता येत नाही, कारण तारेची लांबी वाढवायची तर आधी अंगानेच मोठे व्हावे लागते.

उष्णता हेच शिकाऱ्याचे हत्यार

आता मागे ठेवलेल्या प्रश्नाकडे येऊ. एवढा बलदंड ईलंड पळताना लवकर का थकतो?

स्नायूंत जळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच कामी येतो. उरलेली उष्णता होते. धावू लागताच ही उष्णता विश्रांतीच्या अनेक पटींनी वाढते. उन्हात उभे असताना जे थोडे पृष्ठफळ वरदान होते, तेच आता अडचण होते. उष्णता आतच तयार होते आणि बाहेर पडायला दर किलोमागे कातडी कमी. हंडा सावकाश तापतो हे खरे, पण चुलीवरून उतरवल्यावर तो सावकाशच निवतो.

कालाहारीतील सान लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. भर दुपारी, ४० अंशांच्या आसपासच्या उन्हात, ते ईलंडच्याच जवळच्या नात्यातील कुडू या कुरंगाचा माग काढत धावत सुटत. लुई लीबेनबर्ग यांनी बोट्स्वानात अशा शिकारी प्रत्यक्ष पाहून २००६ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. कुडू दरवेळी पुढे निघून जाई, पण सावलीत निवण्याआधीच माणसे तिथे पोहोचत. दोन ते सहा तासांच्या आणि पंचवीस-तीस किलोमीटरपर्यंतच्या या पाठलागानंतर प्राणी उष्म्याने खचून उभा राही. अंगावर दाट केस नसलेला आणि भरपूर घाम गाळणारा माणूस इथे जिंकत असे. ईलंडचीही अशीच शिकार होई.

पण सान लोकांच्या लेखी ईलंड म्हणजे केवळ मांस नव्हते. ड्राकेन्सबर्गच्या गुहांतील त्यांच्या भित्तिचित्रांत ईलंड पुन्हा पुन्हा, मोठ्या प्रेमाने रंगवलेला आहे. मुलगी वयात येणे, मुलाची पहिली शिकार, पावसाचे विधी अशा सर्व प्रसंगांत त्याला मान होता.

एकोणिसाव्या शतकात घोडा आणि बंदूक आली तेव्हा चित्र पालटले. घोड्यापुढे ईलंड फार वेळ टिकत नसे. गोरे शिकारी दमलेल्या ईलंडला हाकत हाकत आपल्या छकड्यापर्यंत आणत आणि तिथे गोळी घालत, म्हणजे मांस वाहून आणायचा त्रास वाचे. भरपूर मांस आणि चरबी यांमुळे तो त्यांचा आवडता शिकार-प्राणी ठरला. अशा शिकाऱ्यांत मुंबई इलाख्याच्या लष्करातील विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस हा इंजिनिअर अधिकारीही होता. तापाने आजारी पडल्यामुळे त्याला हवापालटासाठी केपला पाठवले होते. १८३६-३७ साली त्याने तिथल्या अंतर्भागात शिकारी केल्या, प्राण्यांची चित्रे काढली आणि सेबल या मोठ्या काळ्या कुरंगाची पहिली शास्त्रीय ओळख करून दिली. १८४८ साली पुण्याजवळ त्याचा मृत्यू झाला.

बंदुकीतून जे वाचले त्यांच्यावर १८९६-९७ साली दक्षिण आफ्रिकेत पसरलेल्या बुळकांडीच्या साथीने घाला घातला. गुरांच्या या रोगाने लाखो गाईबैलांबरोबर ईलंड, कुडू, रानम्हैस असे वन्य प्राणीही मारले. गाईशी जवळचे नाते असण्याची ती किंमत होती. हा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा व्हायला २०११ साल उजाडले.

पुढे काय?

ईलंड आज नामशेष होण्याच्या मार्गावर नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे १ लाख ३६ हजार होती. त्यांपैकी निम्मे संरक्षित क्षेत्रांत आणि बरेचसे खाजगी रानांत होते. खाजगी रानांत तो मांसासाठी आणि परवान्याने होणाऱ्या शिकारीसाठी पाळला जातो. युक्रेनमधील आस्कानिया-नोव्हा येथे १८९२ साली ईलंड आणले गेले आणि पुढे माद्यांचे दूधही काढण्यात आले. त्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतो.

तरीही त्याची काळजी मिटलेली नाही. त्याच्या जुन्या मुलखाच्या पुष्कळ भागांतून तो हटला आहे. शेती वाढली, गुरे वाढली. गुरांना लाळ्या-खुरकुताची लागण होऊ नये म्हणून बोट्स्वानासारख्या देशांत माळामाळांतून शेकडो किलोमीटर लांबीची कुंपणे उभी राहिली, आणि हिरवळीमागे फिरणाऱ्या वन्य कळपांच्या वाटा तुटल्या. आपण वर पाहिले, की ईलंडचे सारे गणित तीन गोष्टींवर उभे आहे: दुपारची सावली, रसाळ पाला आणि दूरवर फिरण्याची मुभा. त्यांपैकी एकही काढून घेतली तर स्वस्त उपाय संपतात आणि शरीर तापवण्याच्या महाग उपायाची पाळी येते. पृथ्वीचे तापमान वाढत असताना हा हिशेब दरवर्षी अधिक अवघड होत जाणार. ईलंडला वाचवायचे तर शिकारीवर नियंत्रण हवेच, पण त्याच्याबरोबर बाभळीचे झाडही वाचवले पाहिजे.

करून पाहा

(१) एक तांब्या आणि एक हंडा पाण्याने भरून सकाळी नऊ वाजता उन्हात ठेवा. दोन्ही भांडी एकाच धातूची असावीत. दर तासाला दोन्हींतील पाण्याचे तापमान तापमापीने मोजा आणि सायंकाळनंतरही मोजत राहा. आलेख काढा. कोणते भांडे लवकर तापते आणि कोणते उशिरा निवते?

(२) २०० किलोंच्या नीलगाईचे तापमान दिवसभरात ३ अंशांनी वाढले असे गृहीत धरा. विशिष्ट उष्णता ०·८ घेऊन किती पाणी वाचेल ते काढा.

(३) सुटीच्या दिवशी दुपारी बारा ते तीन या वेळात तुमच्या गावातील गाई, म्हशी, शेळ्या कुठे उभ्या असतात, तोंड कोणत्या दिशेला करतात, कोण पाण्यात बसते, याची अर्ध्या अर्ध्या तासाने नोंद करा. गणिताने आलेल्या उत्तराशी तुमची वही जुळते का ते पाहा. न जुळली तर निराश होऊ नका, कारण पुढचा प्रश्न तिथेच सापडेल.